स्पीड रेटिंगचं अ‍ॅप: आकड्यामागचा हिशोब दाखवतं, पेस मात्र विसरलंय

घोड्यांच्या रेसच्या रेटिंगची अ‍ॅप्स भरपूर आहेत आणि बहुतेकांचं काम एवढंच की प्रत्येक घोड्यापुढे एक आकडा टाकायचा आणि सगळ्यात मोठ्या आकड्याला हिरवा रंग द्यायचा. मी सध्या वापरतोय त्यात आकड्यावर टॅप केलं की तो आला कुठून ते उघडतं, म्हणजे रेसची कच्ची वेळ, त्या दिवशी ट्रॅक किती फास्ट किंवा जड होता, पाठीवर वजन किती होतं, सगळं. पैसे द्यायचे तर याच्यासाठी द्यावेत असं माझं स्पष्ट मत आहे.

कारण नुसत्या वेळेवरून काही कळत नाही. समजा एक घोडा १२०० मीटरला प्रमाण वेळेपेक्षा १ सेकंद जास्त घेऊन जिंकला, तर बघणारा म्हणणार स्लो रेस होती, सोडा. पण त्या दिवशीच्या बाकीच्या रेसही त्याच हिशोबाने दीड-दीड सेकंद मागे पडल्या असतील तर ट्रॅकच जड होता ना, मग हा घोडा उलट अर्धा सेकंद भारी पळाला, आणि एक लेंग्थ (एका घोड्याची लांबी) म्हणजे सेकंदाचा साधारण पाचवा भाग धरला तर अडीच लेंग्थ झाल्या. चुरशीच्या रेसमध्ये तेवढ्यात तीन-चार घोडे येऊन जातात!

वजनाचंही नीट केलंय. ५ फर्लांगला (एक फर्लांग म्हणजे साधारण २०० मीटर) एका लेंग्थमागे साधारण ३ पाउंड धरतात आणि १५ फर्लांगच्या पुढे साधारण १ पाउंड, म्हणजे तेच वजन लांब रेसमध्ये जास्त लेंग्थ खातं, आणि हे अ‍ॅप अंतराप्रमाणे हिशोब बदलतं.

फॉर्मची ओळ, म्हणजे मागच्या रेसमध्ये घोडा कितवा आला ते आकडे, रेटिंगच्या अगदी खालीच दिसते हे फार बरं केलं. २३१-०२ असं असेल तर शेवटचा आकडा सगळ्यात ताजा, मधली रेघ म्हणजे सीझन बदलला, आणि शून्य म्हणजे दहावा किंवा त्याच्याही मागे. त्या शून्यावर टॅप केलं की रेस कोणत्या क्लासची होती, अंतर त्याला झेपणारं होतं का, वाटेत अडकला का हे वाचता येतं. मोठ्या फरकाने जिंकला म्हणजे भारी घोडा असंही नसतं, समोर कोण होतं ते बघायला लागतं. सेक्रेटेरियट हा अमेरिकन घोडा १९७३ च्या तिथल्या बेलमाँट रेसला ३१ लेंग्थने जिंकला, पण तो फरक खरा होता हे घड्याळाने सांगितलं, २ मिनिटं २४ सेकंद, दीड मैलाला, त्या रेसचा रेकॉर्ड. फॉर्म आणि वेळ दोन्ही एकच गोष्ट बोलायला लागले की मला खरा भरवसा येतो.

आता तक्रारी. पेस, म्हणजे रेसच्या कोणत्या टप्प्यात घोडे किती वेगात पळतात ते, कुठेच नाही! पुढे पळणारे तीन-चार घोडे एकाच रेसमध्ये असले की ते एकमेकांना दमवतात आणि मागून येणाऱ्याचं रेटिंग कमी असलं तरी तो जिंकून जातो, हे शेवटच्या वेळेवरून कसं कळणार, त्याला सेक्शनल टाइम, म्हणजे रेसच्या प्रत्येक टप्प्याची वेगळी वेळ, पाहिजेत. पहिल्यांदा पळणाऱ्या घोड्यालाही अ‍ॅपवाले आकडा देतात, तो सरळ अंदाज आहे, तिथे जागा रिकामी ठेवा ना. आणि स्केल कोणता ते ठळक लिहायला हवं. टाइमफॉर्म या ब्रिटिश रेटिंगवर फ्रँकेल या घोड्याचा आकडा १४७, बेयरच्या अमेरिकन स्केलवर १२० च्या पुढचा आकडासुद्धा क्वचित दिसतो, नवीन माणूस दोन्हीकडचे आकडे शेजारी ठेवून बसला की सगळं चुकणार.

अजून एक, सगळ्यात मोठ्या आकड्याचा हिरवा घोडा सगळ्यांनाच दिसतो, त्यामुळे त्याचा भाव (जिंकला तर पैजेवर मिळणारे पैसे) आधीच पडलेला असतो. मी बघतो ते दुसऱ्या-तिसऱ्या रेटिंगवाल्याकडे, ज्याची मागची रेस खराब दिसते पण कारण समजण्यासारखं आहे, म्हणजे अंतर चुकीचं किंवा ट्रॅक नको तसा. तिथे भाव चांगला मिळतो, आणि असे घोडे शोधायला हे अ‍ॅप खरंच उपयोगी पडतं. नुसता तयार विनर पाहिजे त्यांनी घेऊ नका, प्रत्येक रेसला थोडा वेळ द्यावाच लागतो.

पाचपैकी चार स्टार. पेसचा कॉलम टाकला तर वर्षाचा प्लॅन घेईन, तोवर महिन्याचाच चालू ठेवतोय.