पीएलसीवरचा पिवळा दिवा

बेळगावच्या उद्यमबाग, मच्छे, होनगा इथल्या कारखान्यांत वायरमन म्हणून राबणाऱ्यांसाठी हे लिहितोय. इंजिनिअर मंडळींना यातलं बरंच हास्यास्पद वाटेल. वाटू दे.

मी फौंड्रीत मेंटेनन्सला आहे. आयटीआय इलेक्ट्रिशियन, 17 वर्षं झाली. काँटॅक्टर, रिले (विजेनं चालू-बंद होणारे स्विच), टायमर यांत हयात गेली. पॅनेल उघडलं की कुठली कॉइल जळाली ते वासावरून सांगतो. दोन वर्षांपूर्वी मालकांनी सँड प्लांटचं जुनं पॅनेल काढून पीएलसी बसवला, म्हणजे प्रोग्रॅमेबल लॉजिक कंट्रोलर, रिलेंचं काम प्रोग्रॅमनं करणारा छोटा संगणक. अर्ध्या विटेएवढा राखाडी डबा. तेव्हापासून प्लांट थांबला की मी हाताची घडी घालून उभा, आणि कोल्हापूरहून इंजिनिअर येणार. एकदा अख्खी पाळी बसून राहिली आणि निघालं काय, तर हॉपरखालच्या प्रॉक्सिमिटी सेन्सरची वायर तुटलेली. सेन्सर माझा, वायर माझी. पण कुठला इनपुट येत नाही ते त्याला लॅपटॉपवर दिसत होतं, मला दिसत नव्हतं. (डब्यावरच प्रत्येक इनपुटचा बारीक दिवा असतो, हे नंतर कळलं. ते कळलं असतं तर लॅपटॉपही लागला नसता.) त्या दिवशी ठरवलं, हे शिकायचंच.

तिसऱ्या रेल्वे गेटाजवळ खांबावर पत्रक दिसलं. पीएलसी, स्काडा, एचएमआय, ड्राइव्ह. 45 दिवसांत ऑटोमेशन इंजिनिअर. शंभर टक्के नोकरी. आणि खाली जाड अक्षरात: मराठीतून शिकवणार. त्या ओळीनं घात केला. आमच्याकडे सरकारी कागद कन्नडमध्ये, मशीनचं मॅन्युअल इंग्रजीत, आणि मध्ये आम्ही. कुणी आपल्या भाषेत शिकवतो म्हटलं की माणूस पुढचं काही विचारत नाही.

एसी ऑफिस, काचेचं दार, समोर गोड बोलणारी मॅडम. ‘दादा, फी 48,000 आहे, आज नाव घातलंत तर 42,000. आणि खिशातून आज एक रुपया द्यायचा नाही.’ आधार, पॅन, मोबाइलवर एक सेल्फी, दोनदा ओटीपी. दहा मिनिटांत काम झालं. दरमहा 3,500 रुपये, 12 महिने, बिनव्याजी. मला वाटलं फीचे हप्ते पाडून दिलेत. प्रत्यक्षात माझ्या नावावर एका फायनान्स कंपनीचं कर्ज झालं होतं आणि पैसे एकरकमी क्लासच्या खात्यात गेले होते. नंदगडचा माझा भाचा डिप्लोमा करून घरी बसला होता. त्यालाही मीच घेऊन गेलो. हे लिहिताना अजून हात थांबतो.

पहिले दोन आठवडे नुसता फळा. 1968 साली अमेरिकेत डिक मॉर्ली नावाच्या माणसानं पीएलसीची कल्पना मांडली, मोटारींच्या कारखान्यातली रिलेंची जंगलं त्यामुळे गेली, पहिल्या मॉडेलला मॉडिकॉन 084 म्हणतात कारण तो कंपनीचा 84 वा प्रकल्प. ऐकायला बरं वाटलं. मग एनओ म्हणजे काय (एरवी उघडा, दाबला की जोडला जाणारा), एनसी म्हणजे काय (एरवी जोडलेला, दाबला की तुटणारा). हे मी अप्रेंटिस पोरांना चहा पिता पिता शिकवतो. संगणक पाच, माणसं 22. पीएलसीचा प्रोग्रॅम लिहायचं सीमेन्सचं सॉफ्टवेअर, टीआयए पोर्टल, घातलेलं होतं, त्यावर लॅडर, म्हणजे शिडीसारखा दिसणारा प्रोग्रॅम, काढायचो. तिसऱ्या आठवड्यात पाचही संगणकांवर ते बंद. सर म्हणाले, लायसन्स जर्मनीहून यायचंय. टीआयए पोर्टलची फुकट चाचणी 21 दिवसांची असते हे तेव्हा ठाऊक नव्हतं. आम्ही बावीस जण जर्मनीची वाट बघत बसलो.

मग प्रॅक्टिकल. कोपऱ्यात काचेच्या दाराचं चकाचक पॅनेल, आत सीमेन्सचा एस7-1200 पीएलसी, खाली अर्धा एचपीची मोटर. सरांनी हिरवं बटण दाबलं, मोटर फिरली. लाल दाबलं, थांबली. टाळ्या पडल्या. मी पुढेच उभा होतो. डब्यावर रन-स्टॉप लिहिलेला एक दिवा आहे, तो पिवळा होता. मोटर फिरतानाही पिवळा, थांबल्यावरही पिवळा. मनात आलं, विचारावं. पण मागे डिप्लोमावाली पोरं. सतरा वर्षांचा वायरमन दिव्याचा रंग विचारतोय म्हणून हसतील. गप्प बसलो.

त्याच आठवड्यात आमचा सँड प्लांट पुन्हा थांबला आणि कोल्हापूरचा इंजिनिअर आला. त्याला बाजूला घेऊन हळूच विचारलं, साहेब, दिवा पिवळा असला तर? ‘मग सीपीयू स्टॉपला आहे. प्रोग्रॅमच चालत नाही.’ आणि मोटर फिरली तर? त्यानं माझ्याकडे बघितलं. ‘काय मर्दा, स्टॉपमध्ये आउटपुट बंद पडतात. मोटर फिरवालंय कोण मग?’

दुसऱ्या दिवशी भाच्याला घेऊन अर्धा तास आधीच गेलो. झाडणारी बाई आत होती, दार उघडं होतं. पॅनेलची मागची पत्र्याची प्लेट चार स्क्रूवर होती, काढली. हिरव्या बटणाची वायर धरून मागे मागे गेलो. ती पीएलसीकडे वळलीच नाही. बटणातून सरळ एका रिलेत, रिलेतून काँटॅक्टरला, काँटॅक्टरमधून मोटरला. साधा स्टार्टर, पहिल्या वर्षाच्या पोरानं जोडावा असा. पीएलसीचे आउटपुट क्यू0.0 पासून क्यू1.1 पर्यंत, दहाच्या दहा टर्मिनल रिकामे. स्क्रू कंपनीतून आले तसे कोरे, एकावरही स्क्रूड्रायव्हरचा ओरखडा नाही. डब्याला फक्त सप्लाय दिलेला. प्रोग्रॅमच भरला नाही तर तो रनला जाणार कसा? म्हणून पिवळा. भाचा एवढंच म्हणाला, ‘मामा, ह्यो तर शोकेस की.’

सरांना विचारलं तर ‘सिम्युलेशन मोड’ म्हणाले. फी परत मागितली तर मॅडम म्हणाल्या, पैसे फायनान्सनं दिलेत, त्यांच्याशी बोला. भाच्याला ‘पुण्यात प्लेसमेंट’ सांगून कागदपत्रांचे 5,500 रुपये वेगळे घेतले होते, ते मला न सांगताच त्यानं भरले होते. चाकणच्या ज्या कंपनीत मुलाखत होती, तिच्या गेटवर वॉचमननं अशी कुठली यादीच नाही म्हणून परत पाठवलं. त्यानंतर महिन्याभरात काचेच्या दाराला कुलूप, बोर्ड गायब. हातात राहिलं एक सर्टिफिकेट. सोनेरी शिक्का, ‘आंतरराष्ट्रीय’ असा शब्द, आणि प्रोग्रॅमेबलच्या जागी छापलंय ‘प्रोग्रॅबल’.

हप्ता मात्र 5 तारखेला न चुकता कापला जातो. थांबवला तर सिबिल खराब, वर वसुलीवाल्यांचे फोन. डिजिटल कर्जातून सुरुवातीच्या ठरावीक मुदतीत, मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं व्याज भरून, माघार घेता येते. रिझर्व्ह बँकेनं ती सोय ठेवायला लावली आहे. मला ती मुदत उलटून गेल्यावर कळली. म्हणून फीसाठी कुणी ओटीपी मागितला तर मेसेज शेवटच्या ओळीपर्यंत वाचा, कर्ज हा शब्द कुठे आहे ते बघा, आणि क्लास बंद पडला तर हप्त्याचं काय हे लेखी मागा.

पोलीस ठाण्यात गेलो. चार दिवस तरी शिकवलं ना, मग हा दिवाणी मामला, म्हणाले. अर्ज घेतला, पोच दिली. पोच कन्नडमध्ये, ती शेजारच्या मास्तरांकडून वाचून घेतली. ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर तक्रार नोंदवली आहे. आता जिल्हा ग्राहक आयोगाची तयारी चालू आहे. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते, आपण राहतो त्याच जिल्ह्यात करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही.

शिकायचं सोडलं नाही. जुन्या मशीनमधून निघालेला डेल्टाचा छोटा पीएलसी स्वस्तात मिळाला, 24 व्होल्टचा सप्लाय घरात होताच. त्याचा प्रोग्रॅम लिहायचं डेल्टाचं डब्ल्यूपीएलसॉफ्ट फुकट मिळतं. ज्यांच्याकडे डबाच नाही त्यांनी कोडेसिस हे सॉफ्टवेअर घ्यावं, तेही फुकट आहे. संगणकच पीएलसी होतो, फक्त चाचणीत दोन तासांनी थांबतो, मग पुन्हा चालू करायचा. माझा पहिला प्रोग्रॅम म्हणजे साधं स्टार्ट-स्टॉप. ते चालेचना. दोन रात्री घालवल्या. स्टॉप बटण मी एनसी जोडलं होतं, कारण वायर तुटली तरी मशीन थांबलं पाहिजे, आणि सवयीनं लॅडरमध्येही एनसीच काढला होता. पण बटण न दाबताच तो इनपुट चालू असतो, म्हणून प्रोग्रॅममध्ये तिथं एनओ लागतो. फळ्यावरच्या दोन आठवड्यांत हे कुणी सांगितलं नव्हतं.

आता कुठल्याही क्लासला गेलात तर आधी पॅनेलजवळ उभे राहा. रनचा दिवा हिरवा आहे का बघा. मग म्हणा, सर, टायमर 5 सेकंदांचा आहे, माझ्यासमोर 8 चा करून दाखवा. खरा माणूस दोन मिनिटांत करून दाखवेल, वर चहा पाजेल. खोटा जर्मनी काढेल.

आमच्या बॅचच्या 22 पैकी नऊ जण आतापर्यंत भेटले. रविवारी सकाळी वडगावात आमच्या घरी बसतो, कागद एकत्र करतो. पावती नसली तरी बँकेचं स्टेटमेंट आणि मॅडमचे व्हॉट्सअ‍ॅप मेसेज जपून ठेवा, पुसू नका. भाचा अजून येत नाही. 5,500 चं सगळ्यांसमोर सांगावं लागेल म्हणतो.