तयार कार्बन नॅनोट्यूब डिस्पर्शन: घ्यावं का, आणि कसं वापरावं

मल्टीवॉल नॅनोट्यूबची (एकात एक बसलेल्या कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्यांची) पावडर सोनिकेट करत, म्हणजे अल्ट्रासाउंडनं पाण्यात सुटी करत बसण्यापेक्षा पाण्यातलं २-३ टक्क्यांचं तयार डिस्पर्शन (नळ्या पसरवलेला द्रव) नक्कीच चांगलं. पावडर हवेत उडून श्वासात जाण्याची भीती नाही, हा त्याचा सगळ्यात मोठा फायदा. मात्र लेबलवरच्या व्हिस्कॉसिटीवर (दाटपणाच्या आकड्यावर) विसंबू नका. शिअर रेट (द्रवाचे थर एकमेकांवरून किती वेगानं सरकवले तो दर) सांगितलेला नसेल तर तो आकडा निरर्थक आहे.

बाटली बरेच दिवस हलवली नाही की माल दह्यासारखा धरतो. तो खराब झालेला नसतो. लांब, बारीक नळ्या एकमेकींना चिकटून सलग जाळं विणतात. जोरात हलवलं की जाळं तुटतं आणि माल वाहू लागतो, ठेवला की पुन्हा धरतो. म्हणूनच रिओमीटरवरची (द्रव किंवा जेल किती घट्ट, किती वाहतं हे मोजणाऱ्या यंत्रावरची) मोजणी घोळात टाकते: आधी किती ढवळलं, त्यावर जी-प्राइम (जेलचा लवचिक कडकपणा) ठरतो. प्रत्येक नमुना आधी सारख्याच शिअरवर फिरवा, उदाहरणार्थ १०० प्रति सेकंद, एक मिनिट. मग ठरावीक वेळ थांबूनच मोजा. रिओमीटरच्या गुळगुळीत प्लेटवर जेल घसरतं आणि यील्ड स्ट्रेस (वाहू लागायला लागणारा किमान ताण) खोटा, कमी दिसतो. खरखरीत प्लेट किंवा वेन (पात्यांचा दांडा) लावा. कडेचं पाणी उडू नये म्हणून झाकण हवंच, नाहीतर सुकण्यालाच जेल होणं समजाल. गॅप (दोन प्लेटमधलं अंतर) बदलल्यावर आकडा बदलला, तर घसरण किंवा मोठ्या गुठळ्या यांचा संशय घ्या.

पातळ करताना नुसतं पाणी ओतू नका. नळ्यांवरचा सर्फॅक्टंट (त्यांना सुट्या ठेवणारा साबणासारखा पदार्थ) सुटतो आणि गुठळ्या होतात. त्याच सर्फॅक्टंटचं द्रावण वापरा, पण बेतानं: जादा मिसेल (सर्फॅक्टंटच्या रेणूंचे पुंजके) नळ्यांना एकमेकींकडे ढकलतात. एसडीबीएससारखा (सोडियम डोडेसिलबेन्झिन सल्फोनेट) आयनिक, म्हणजे विद्युतभार असलेला सर्फॅक्टंट असेल तर मीठही टाळा. बाटली गोठू देऊ नका; गोठून झालेल्या गुठळ्या हलवून सहसा सुटत नाहीत.

तपासणी सोपी आहे. थेंब दोन काचेच्या स्लाइडमध्ये दाबून उजेडासमोर धरा. करडा, एकसारखा पापुद्रा दिसला तर ठीक; काळे ठिपके दिसले तर प्रोब सोनिकेटर (द्रवात बुडवायची अल्ट्रासाउंडची कांडी) चालवा, तोही बर्फात, पल्सवर (थांबून-थांबून), थोडाच वेळ. जास्त चालवलं तर नळ्या तुटून आखूड होतात. द्रव छान एकजीव दिसतो, पण जेल मऊ पडतं.

कोटिंगसाठी आणि इलेक्ट्रोडच्या शाईसाठी खुशाल घ्या. जेलचा अभ्यास करायचा असेल तर नळ्यांची लांबी, सर्फॅक्टंटचं नाव आणि प्रमाण लेखी मिळाल्याशिवाय ऑर्डर देऊ नका, आणि पूर्ण काम एकाच बॅचमध्ये उरका.