रेड डेड की लास्ट ऑफ अस: बंदूक कुठे खरी वाटते?

भाच्याचा फोन आला. "मामा, दोन्ही गेम सेलमध्ये आहेत, पैसे एकाचेच आहेत. बंदुका कुठल्यात खऱ्या वाटतात?" पोरगं एकवीस वर्षांचं, त्यामुळे दोन्हींवरच्या अठरा वर्षांच्या अटीचा प्रश्न नव्हता. मी पटकन 'रेड डेड' म्हणून मोकळा झालो. फोन ठेवल्यावर वाटलं, उत्तर अर्धवट दिलं. उरलेलं इथे लिहितो, म्हणजे त्याच्यासारख्या इतरांनाही उपयोगी पडेल.

आधी माझी फूटपट्टी सांगून टाकतो. खऱ्या बंदुकीशी माझा संबंध कॉलेजातल्या एनसीसीच्या .२२ रायफलपुरता. ताडपत्रीवर पालथं पडायचं, कानात कापूस, समोर टार्गेट, हातात मोजून पाच गोळ्या. .२२ चा झटका असा काही बसत नाही. माझ्या लक्षात राहिलंय ते दोन गोळ्यांमधलं. बोल्ट मागे ओढला की पुंगळी टणकन बाहेर पडायची, कोपर हलायचं, डोळा टार्गेटवरून सुटायचा, श्वास पुन्हा पहिल्यापासून जुळवावा लागायचा. तेवढ्यात मागून उस्तादांचा आवाज यायचा, "जल्दी नहीं करना!" बहुतेक गेममध्ये हे मधलं अंतर गायबच असतं. बटण दाबून धरलं की गोळ्यांचा पाऊस. त्यामुळे मी गेम तपासताना पहिल्यांदा हेच बघतो.

'रेड डेड रिडेम्प्शन २' (२०१८, पीसीवर २०१९) इथेच बाजी मारतो. गोष्ट १८९९ सालच्या अमेरिकेतली. गोष्टीचा नायक आर्थर मॉर्गन, त्याच्याकडचं 'कॅटलमन' म्हणजे नाव बदललेलं १८७३ चं कोल्ट सिंगल अ‍ॅक्शन आर्मी. या रिव्हॉल्व्हरचा घोडा (मागचा हॅमर) दर गोळीला अंगठ्याने मागे ओढावा लागतो, नुसता चाप दाबून काही होत नाही. गेममध्ये एकदा ट्रिगर दाबला की गोळी सुटते आणि पुन्हा दाबला की घोडा चढतो. लिव्हरवाल्या रायफलींचंही तसंच, लिव्हर तुम्हालाच ओढायला लावतात. सुरुवातीला चीड येते. शत्रू समोर उभा, आपण बटण दाबतोय आणि नुसतं 'खट्' वाजतंय! दोनेक तासांनी बोटं आपोआप शिकतात. मग डबल अ‍ॅक्शन रिव्हॉल्व्हर हातात आलं की फरक हातालाच कळतो, कारण ते दरवेळी असा घोडा चढवायला लावत नाही. त्या काळच्या माणसाला ही सोय केवढी वाटली असेल, ते माहितीच्या चौकटीत वाचून समजलं नसतं.

काडतुसं भरण्यातही तीच शिस्त. कॅटलमनमध्ये बाजूच्या छोट्या झडपेतून एकेक काडतूस सरकवायचं. स्कोफील्ड रिव्हॉल्व्हर मधोमध मोडतं आणि सगळ्या पुंगळ्या एकदम बाहेर पडतात. स्प्रिंगफील्ड एकगोळी रायफल, दर बाराला वरचं झाकण उघडा, भरा, मिटा. बोल्ट अ‍ॅक्शन रायफल ही सरळसरळ क्राग, अमेरिकन फौजेने १८९८ च्या स्पेनविरुद्धच्या लढाईत वापरलेली. १८९६ चं माउझर पिस्तूलही काळात बसतं. गोष्ट १८९९ ची, त्यामुळे घोड्याच्या खोगिराला तीस वर्षांपूर्वीची रायफल आणि कमरेला कालपरवाचं पिस्तूल, हे मिश्रण अगदी पटतं.

आता भाच्याला फोनवर न सांगितलेलं. 'रेड डेड'मध्ये घोटाळेही आहेत, आणि तेही मजेदार.

सगळ्यात मोठा व्होल्कॅनिक पिस्तुलाचा. १८५० च्या दशकातलं हे खरं हत्यार आपल्या अशक्तपणासाठी प्रसिद्ध होतं. त्याला पितळी पुंगळीच नव्हती. गोळीच्या बुडाशी पोकळी आणि त्यात चिमूटभर दारू, एवढाच त्याचा जीव. गेममध्ये मात्र ते पिस्तुलांमधलं दणकट हत्यार आहे! शस्त्रागारातल्या सगळ्यात मरतुकड्या गड्याला पैलवान करून ठेवलंय.

दुसरा घोळ काडतुसांचा. गेममध्ये रिव्हॉल्व्हरची काडतुसं वेगळी, रिपीटरची (लिव्हरवाल्या रायफलीची) वेगळी. प्रत्यक्षात विंचेस्टर १८७३ रायफल ज्या .४४-४० काडतुसावर चालायची, त्याच काडतुसाचं कोल्टही मिळायचं. एकच पट्टा कमरेला, तोच रायफलला आणि तोच रिव्हॉल्व्हरला. घोड्यावरून महिनोन्‌महिने हिंडणाऱ्या माणसाला याहून सोयीचं काय असणार? इतका नेमका तपशील हाताशी असताना सोडला, याचं मला अजून वाईट वाटतं.

धुराचंही तसंच. कोकणात ठासणीच्या बंदुकीचा बार ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको. बार झाला की पांढऱ्या धुराचा लोटच समोर उभा राहतो, आणि लागलं की नाही ते धूर विरल्यावर कळतं. १८९९ मध्ये बिनधुराची दारू आली होती, पण जुन्या काडतुसांत काळी दारूच सर्रास असायची. त्या हिशेबाने बंद खोलीत दहा-बारा गोळ्या झाडल्यावर समोरचा माणूस दिसायला नको. आर्थरला सगळं लख्ख दिसतं.

बंदूक साफ करण्याबद्दल मात्र मी अर्धे गुण देतो. चिखलात पडलात, नदीतून पोहलात की बंदूक मळते आणि गन ऑइल लावून पुसावी लागते. कल्पना झकास. पण मळल्यामुळे गोळीचा मारच कमी होतो, हे काही पटत नाही. मळलेली बंदूक अडकते, घोडा जड होतो. इथे ती कधीच अडकत नाही. शिवाय काळ्या दारूची काजळी नुसत्या तेलाने निघत नाही, तिला पाणी लागतं. आणि वेळ मंदावणारं 'डेड आय' आहेच. ते गोष्टीचा भाग समजून सोडून देतो.

'द लास्ट ऑफ अस पार्ट २' (२०२०, पीसीवर २०२५) याच्या उलट टोकाला आहे. कुठलं मॉडेल, कुठलं साल, याच्याशी त्याला फारसं देणंघेणं नाही. पिस्तूल म्हणजे पिस्तूल, रायफल म्हणजे शिकारीची बोल्टवाली रायफल. पण वर्कबेंचवर नायिका एली पिस्तूल उघडते ते नुसतं बघत बसावं. वरचा भाग काढते, सुटा भाग बसवते, कानस फिरवते, परत जोडून एकदा खटका मारून बघते. प्रत्येक सुधारणेला वेगळी हालचाल. मी काही नको असतानाही वर्कबेंच शोधत हिंडलोय.

इथलं खरं वास्तव टंचाईत आहे. पिस्तुलात तीन गोळ्या, समोर चार माणसं आणि एक कुत्रा. पहिली गोळी झाडली की उरलेल्यांना तुमची जागा कळते. गोळी लागलेल्याचं नाव घेऊन त्याचे साथीदार ओरडतात. मला नेम धरून ठेवावासा वाटेना, आणि इतका अवघडलेपणा 'रेड डेड'ने कधी दिला नाही. तिथे संध्याकाळपर्यंत वीसएक माणसं सहज पडतात आणि आर्थर छावणीवर जाऊन रस्सा खातो. इथे मोठ्या बंदुकीची गोळी तुम्हाला लागली तर एली जमिनीवर कोसळते. मलमपट्टीला काही सेकंद जातात, आणि ते सेकंद काढायचे कुठे, हाच प्रश्न असतो. पाठीवरच्या सॅकमधली दुसरी बंदूक काढायलाही वेळ लागतो.

चुका? आहेत. जग कोसळून पंचवीस वर्षं झालीत, सिएटलच्या पावसात सगळं गंजलंय, पण एकही बंदूक गंजून अडकत नाही. कोरड्या जागी ठेवलेली काडतुसं पंचवीस वर्षांनीही उडतात, ते मान्य. पण उघड्या खणात सापडलेली सगळीच कशी चालतात? आणि तो घरगुती सायलेन्सर! तीन गोळ्यांत निकामी होतो हे बरंच आहे, पण तोवर इतका मुका? खऱ्या सायलेन्सरनेही बंदूक कुजबुजत नाही, आवाज बराच मोठा राहतो.

तिसरं नाव काही जण सुचवतील, 'अनचार्टेड: द लॉस्ट लेगसी' (२०१७). पश्चिम घाटात घडणारा, होयसळांची देवळं दाखवणारा, त्यामुळे आपल्याला जवळचा वाटतो. डोंगर आणि पाऊस बघायला जरूर घ्या. बंदुकांसाठी घेऊ नका. मेलेल्याची बंदूक उचला, संपली की टाका, पुढची उचला. तिथे बंदूक म्हणजे सिनेमातली.

तर काय घ्यायचं? यंत्रात रस असेल, घोडा, झडप, लिव्हर यांत जीव रमत असेल, तर रेड डेड. पण ऑटो एम (नेम आपोआप लागणं) चालू ठेवून खेळलात तर निम्मे पैसे वाया. सेटिंगमध्ये जाऊन फ्री एम करा आणि जमेल तेव्हा डोळ्यांतून दिसणारा कॅमेरा लावा, घोडा चढवताना अंगठा दिसतो. लास्ट ऑफ असमध्ये अवघडपणा भागाभागाने ठरवता येतो. शत्रू हवे तेवढे सोपे ठेवा, पण साधनसामग्री 'सर्व्हायव्हर' या अवघड पातळीवर न्या. त्याशिवाय टंचाई जाणवतच नाही, आणि टंचाई नसेल तर हा गेम बंदुकांसाठी घेण्यात अर्थ नाही. मला स्वतःला एकच ठेवायला सांगितलं तर मी हाच ठेवीन, आणि फोनवर दिलेलं उत्तर मागे घेईन.

पीसीवर दोन्हींना दीडशे जीबीच्या आसपास जागा लागते, तेवढी आधी मोकळी करा. भाच्याने मात्र माझं फोनवरचं उत्तरच धरलं आणि रेड डेड घेतला. परवा मेसेज आला, "मामा, नदीत पडलो, आधी बंदूक पुसू की घोडा शोधू?"