मधल्या सुट्टीतला बर्फ आणि लांब मनगटाचे मिटन

डिसेंबरात घेतलेले हे मिटन, म्हणजे अंगठा वेगळा आणि बाकीची बोटं एकाच घरात असलेले हातमोजे, मार्च संपेपर्यंत शाळेत गेले. आता त्यांच्याबद्दल खात्रीने लिहिता येईल.

लेक दुसरीत आहे. बर्फ पडला तरी तिच्या शाळेची मधली सुट्टी बाहेर मैदानावरच होते. वारा अगदीच बोचरा असेल त्या दिवशी मुलं वर्गात थांबतात. सुट्टी वीस मिनिटांची, त्यातली पाच-सात कपडे चढवण्यातच जातात. आठवड्यातून एक दिवस मी मुलांना तयार करायला मदतीला जाते. बावीस मुलं, दोन मोठी माणसं, आणि जमिनीवर पसरलेले बूट, कानटोप्या, स्नो पँट. तिथे उभं राहिलं की कळतं, मूल स्वतःच्या हाताने घालू शकतं तीच वस्तू खरी कामाची.

आधीची जोडी पाच बोटांच्या हातमोज्यांची होती, मनगटाशी आखूड. ती जॅकेटच्या बाहीखाली जायची, म्हणजे जॅकेटच्या आधी घालायला हवी, आणि एकदा घातली की जॅकेटची चेन ओढता येत नाही. त्यात करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट हटकून एकाच घरात शिरायचं. सगळ्यात वाईट होतं ते अस्तर. ओला हात बाहेर काढला की आतलं अस्तर बोटांना चिकटून बाहेर यायचं, आणि ते परत नीट आत बसवणं मलाही जमायचं नाही, सात वर्षांच्या मुलीला कुठून जमणार! जानेवारीत एके दिवशी ती हात बाहीत ओढून भिंतीला टेकून उभी होती. बोटांची टोकं पांढरी पडली होती, स्पर्श कळत नव्हता. अशा वेळी बोटं चोळायची नसतात. मी तिचे हात माझ्या काखेत धरले, आणि हळूहळू लाली आल्यावर ती रडायला लागली. तोपर्यंत नवे मिटन घरात होते, पण मी ते ‘जास्त थंडीसाठी’ म्हणून राखून ठेवायची आणि बऱ्या हवेला जुनेच द्यायची. त्या दिवसापासून जुने टाकूनच दिले.

या मिटनमध्ये चारही बोटं एकत्र राहतात, म्हणून एकमेकांची ऊब त्यांना मिळते. मनगट कोपरापर्यंत येतं आणि जॅकेटच्या बाहीवरून चढतं. आधी जॅकेट, मग चेन, मग टोपी, शेवटी मिटन. दोरी दाताने ओढली की झालं. अस्तर टोकाशी बाहेरच्या कापडाला शिवलेलं आहे, त्यामुळे उलटं होत नाही. खरेदी करताना मिटन उलटा करायचा प्रयत्न करून हे जरूर तपासा.

खरी परीक्षा कडाक्याच्या थंडीत होत नाही. उणे पंधराला बर्फ भुसभुशीत, कोरडा असतो, हात झटकला की पडून जातो. शून्याच्या आसपासचा बर्फ मात्र ओला असतो, छान वळला जातो, आणि त्याच दिवशी मुलं किल्ले बांधतात. फेब्रुवारीत तिने आणि मैत्रिणींनी कमरेएवढी भिंत रचली. सुट्टीभर सतत गोळे दाबून परत आली तेव्हा तळहात कोरडे होते, फक्त घामाने किंचित दमट. लेबलवर दहा हजार मिलिमीटर जलरोधकता (म्हणजे कापड एवढ्या उंच पाण्याच्या स्तंभाचा दाब अडवतं) लिहिली आहे, आणि शाळेच्या मैदानापुरती ती पुरली.

आता खटकलेलं. वेल्क्रोत बर्फ भरतो आणि मग तो चिकटत नाही. नुसत्या दोरीवर भागलं असतं. वाळायला पूर्ण रात्र लागते. हीटरवर ठेवू नका, आतला पाणी अडवणारा थर खराब होतो. तोंड उघडं ठेवून हवेशीर जागी लटकवा. धुताना फॅब्रिक सॉफ्टनर अजिबात नको. आणि माप तंग घेऊ नका, आत हवा राहिली नाही तर जाड मिटनसुद्धा गार पडतो.

जॅकेटच्या चेनला मी एक जाड दोरीचा फास बांधून दिला. मफलर बंद करून गळ्यात ओढायची कापडी नळी दिली, कारण मफलरचं टोक घसरगुंडीत अडकू शकतं. या दोन गोष्टींनी मिटनचं काम आणखी सोपं झालं.

पुढच्या हिवाळ्यासाठी हेच घेणार, एक माप मोठे, आणि दोन जोड्या. यंदाच्या जोडीतल्या उजव्या अंगठ्याची शिवण मार्चमध्ये उसवली. दुहेरी दोऱ्याने घातली आहे, पण तिथून पाणी झिरपतं, म्हणून ती आता दप्तराच्या तळाशी, एखादा मिटन हरवलेल्या मुलासाठी ठेवली आहे.