१८ फूट की २३ फूट? गाडीतल्या घरात अकरा महिने राहून आलेला हिशेब

दर्यापूरच्या घराला कुलूप लावून अकरा महिने झाले. त्यातले पहिले तीन महिने साडभावाच्या २३ फुटी गाडीत काढले, नंतरचे आठ आमच्या १८ फुटीत. लोक भेटले की पहिला प्रश्न "मायलेज किती?" आणि दुसरा "मोठी काहून नाही घेतली?" मायलेजचं उत्तर एका ओळीत होतं : आखूड गाडी अकराच्या आसपास देते, लांब नऊ द्यायची. दुसऱ्या प्रश्नासाठी मात्र बसून लिहावं लागतंय.

दोन्ही गाड्या फोर्सच्या ट्रॅव्हलर. लांब ती ४०२०, आखूड ती ३३५०. हे आकडे पुढच्या आणि मागच्या चाकांमधल्या अंतराचे, मिलिमीटरमध्ये. म्हणजे चाकांतला फरक ६७ सेंटिमीटर, सव्वादोन फुटांच्या आतच. पण टेप लावून अख्खी गाडी मोजली तर फरक जवळपास पाच फुटांचा निघतो. नाक दोघींचं सारखंच. मग बाकीचे पावणेतीन फूट कुठं गेले? मागच्या चाकाच्या मागं, शेपटीत. गाडी घेताना आम्ही पलंग पाहिला, ओटा पाहिला, कपाटं उघडून पाहिली. शेपूट कोणी पाहिली नाही.

मी वीज मंडळात २९ वर्षं लाइनमन होतो. पांदणी, धुरे, नाले सगळे पायाखालचे, त्यामुळं रस्त्याचा आपल्याला काही धाक नाही अशी माझी समजूत. बायको म्हणाली, "घर सोडायचंच आहे तर नीट तरी राहू, मोठीच पाहा." साडभावानं आपली गाडी तीन महिने वापरून पाहायला दिली, म्हणून आमचे पैसे वाचले. नाहीतर आज मी तिचीच जाहिरात लिहीत असतो.

लांब गाडीचं चांगलंही सांगतो. समृद्धीवर ती राणीसारखी चालते, झोल नाही, हादरा नाही. परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढतानाही काही अडलं नाही. एसटी जाते तिथं २३ फुटी जाणारच. खरी परीक्षा एसटी जिथं शेवटचा थांबा घेते त्याच्या पुढं सुरू होते, आणि आम्हाला तर तिथूनच पुढं जायचं होतं.

पहिला दणका धारणीच्या बाजूला, एका कोरकू गावाकडं जाताना बसला. वाटेत रपटा होता, म्हणजे नाल्याच्या तळातूनच जाणारा सिमेंटचा रस्ता, पाणी जेमतेम घोट्याएवढं. उतरून काठीनं पाणी पाहिलं, तळ पाहिला, सगळं ठीक. पुढची चाकं पलीकडचा चढ चढली, मागची अजून खाली होती, आणि मागून असा आवाज आला की जणू कोणी पत्र्यावर पहार ओढतंय. शेपूट सिमेंटवर टेकली होती. गाडीचं काम करणाऱ्या फेब्रिकेटरनं मागं स्टेपनी आणि सिलिंडरसाठी लोखंडी जाळी लावून दिली होती, ती आणखी वीतभर खाली. त्याच्या बाजूलाच सांडपाण्याच्या टाकीचा व्हॉल्व्ह. तो तुटला आणि तीन दिवसांचं भांड्यांचं पाणी नाल्यात. पलीकडं धुणं धुणाऱ्या बायका आमच्याकडं पाहत होत्या. बायको खाली उतरून त्यांची माफी मागत होती, आणि मी गाडीखाली पालथा, हातात चिंधी आणि दोरी.

नंतर नियम पाहिला. मागचा ओव्हरहँग, म्हणजे ही शेपूट, व्हीलबेसच्या (पुढच्या-मागच्या चाकांमधल्या अंतराच्या) ६० टक्क्यांपर्यंत चालतो. ४०२० चे ६० टक्के म्हणजे जवळपास आठ फूट! साडभावाची गाडी त्यात आरामात बसते. रपट्यात बसत नाही, एवढंच.

दुसरा प्रसंग उमरखेडकडचा, पैनगंगेच्या अंगाला. मित्राच्या वावरात मुक्काम ठरला होता. पांदणीच्या एका बाजूला तूर, दुसऱ्या बाजूला पाटचारी. साधारण एक किलोमीटर आत गेलो तर पुढं बाभूळ आडवी पडलेली. वळवायला जागा नाही. उजवीकडं वळवू पाहिलं की शेपूट डावीकडं फेकली जाते, आणि डावीकडं चारी. लांब गाडी पहिल्यांदा चालवणाऱ्यानं हे ध्यानात ठेवावं : नाक जिकडं वळतं त्याच्या उलट्या बाजूला शेपूट मारते, आणि ती आरशात दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. शेजारच्या वावरातला म्हातारा येऊन उभा राहिला. थोडा वेळ पाहिलं न् म्हणाला, "येवढी मोठी काहून आनली बाप्पा? इथं बंडी वळवाची तरी बैल सोडा लागते." शेवटी अख्खा किलोमीटर रिव्हर्स. बायको मागं टॉर्च घेऊन चालत होती, म्हातारा तिच्या पुढं काठी आपटत. पाऊण तास लागला. डांबरी लागली तेव्हा अंधार पडला होता आणि क्लचचा वास येत होता. रात्री जेवताना आम्ही दोघं काही बोललो नाही. सकाळी तीच म्हणाली, "अहो, लहान पाहा."

१८ फुटी सेकंडहँड घेतली. गाडी आणि आतलं काम मिळून साडेबारा लाख लागले.

आता आतल्या जागेचं. यात एकच मोजमाप कामाचं आहे, ते म्हणजे तुमची स्वतःची उंची. भिंतींना इन्सुलेशन आणि प्लाय लावल्यावर गाडीत आडवी जागा पावणेसहा फूट उरते. माझी उंची पाच फूट सात इंच, बायको त्याहून कमी. म्हणून पलंग आडवा टाकता आला, आणि त्यानं गाडीच्या लांबीतले फक्त चार फूट खाल्ले. तोच उभा टाकला असता तर सव्वासहा फूट गेले असते. फेब्रिकेटर उभाच टाकायला निघाला होता, "साहेब, सगळे असाच करतात." मी जमिनीवर खडूनं आखून त्यात झोपून दाखवलं तेव्हा त्याला पटलं. तुमच्या घरात कोणी पाच फूट नऊच्या वरचा असेल तर हा हिशेब मोडला, लांब गाडीच घ्या, नाहीतर आयुष्यभर पाय दुमडून झोपा.

टपावर मात्र आखूड गाडी मार खाते. ३३५ वॉटची सोलर पॅनेल साडेसहा फूट लांब, सव्वातीन फूट रुंद. व्हेंटचा पंखा सोडून आमच्या टपावर दोनच बसली, साडभावाच्या टपावर चार आहेत. बॅटरी १२.८ व्होल्ट, २०० अँपिअर-अवर, म्हणजे अडीच युनिट. फ्रिज, पंखा, दिवे, मोबाइल, पाण्याचा पंप यांना पुरून उरते. एसीला नाही. मे महिन्यात चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडं पारा ४५ च्या वर गेला की एक टनाचा एसी तासाला युनिटच्या आसपास ओढतो. अडीच युनिटात रात्र निघत नाही, आणि पाच युनिट असले तरी रात्रभर निघत नाही. त्यामुळं एसीसाठी लांबी वाढवू नका, हे मी विजेच्या माणसाच्या नात्यानं सांगतो.

आपल्याकडं उन्हाळा कोरडा, म्हणजे उपाय ठरलेला : कूलर. मागच्या दारात बसेल असा लहान कूलर करून घेतला, पंखा-पंप मिळून शंभर वॉटच्या आत. समोरची खिडकी चार बोटं उघडी ठेवली की अठरा फुटांत मस्त गार होतं. लांब गाडीचं क्षेत्र जास्त, पत्राही जास्त तापतो, एका कूलरनं भागेल असं वाटत नाही.

पण कूलर पाणी पितो, आणि इथं माझा हिशेब चुकला. टाकी ११० लिटरची. पिण्याचं वेगळ्या कॅनमध्ये. आम्ही दोघं दिवसाला २५ लिटर वापरतो, म्हणजे हिवाळ्यात चार दिवस निवांत. मे महिन्यात कूलरनं एकट्यानं दिवसाला ३५ ते ४० लिटर संपवलं. दोन दिवस धड झाले नाहीत की पाणी शोधायला निघा. लांब गाडीची टाकी २०० ची होती, तिथं हा त्रास कमी झाला असता, हे मान्य करतो. मात्र २०० लिटर म्हणजे २०० किलो, आणि तेही शेपटीवर.

पाणी कुठलं भरता तेही पाहा. आमचा दर्यापूर भाग खारपाण पट्ट्यातला, विहिरीचं पाणी खारं. मे महिन्यात घराकडं आलो आणि आळस करून तेच टाकीत भरलं. आठ दिवसांत कूलरच्या ताट्या पांढऱ्या आणि कडक, पंप अडकला, नळाच्या जाळीवर मिठाची पुटं. गावचा माणूस असून केलं म्हणून बायकोनं जे ऐकवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

काळ्या मातीपुढं मात्र लांबी-बिंबी काही चालत नाही. ती ओली झाली की १८ फुटी रुतते, २३ फुटी रुतते, ट्रॅक्टरही रुततो. मुक्काम मुरमावर किंवा खडकावर, आणि आभाळ भरून आलं की रात्रीच डांबरीवर. शेतातून लोंबलेल्या तारांचंही सांगतो. टपावर पॅनेल धरून गाडी नऊ फुटांच्या पुढं जाते. तार दिसली की आधी उतरून पाहा, टपावर कोणी चढू नका, आणि बांबूनं तार उचलून गाडी काढायची हुशारी तर मुळीच नको. त्या हुशारीचे पंचनामे मी पाहिले आहेत.

आखूड गाडीची खरी तक्रार पावसाळ्यात. जुलैमध्ये नवेगावबांधच्या बाजूला होतो. एका मालगुजारी तलावाच्या पाळीखाली, मोहाच्या दोन झाडांच्या मधे गाडी अशी बसली की साडभावाच्या गाडीला तिथं शिरताही आलं नसतं. सरपंचांना विचारून मुक्काम, समोर धानाची रोवणी चाललेली, सगळं छान. मग चार दिवस झड लागली. ओले कपडे पंख्याखाली, पंख्याच्या वाऱ्यानं गॅस विझतो, गॅस लावायचा तर पंखा बंद, पंखा बंद की कपड्यांना वास. मी ओट्याशी उभा असलो की तिनं पलंगावर पाय वर घेऊन बसायचं. तिला बाथरूमला जायचं असलं की मी ड्रायव्हरच्या सीटवर. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "तुम्हाला रिव्हर्स घ्यायला सोपी गाडी पाहिजे होती, ती मिळाली. राहायची कुठं आहे?" यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. लांब गाडीत पलंग आणि ओट्याच्या मधे बसायची वेगळी जागा होती, आणि अशा दिवसांत तीच लागते.

म्हणून सरसकट "आखूडच घ्या" असं मी म्हणणार नाही. एका जागी महिना-महिना राहणारे, लॅपटॉपवर काम करणारे, लेकरं सोबत असणारे, यांनी ४०२० घ्यावी, आणि डांबरीपासून फार आत जायचा नाद सोडावा. आम्ही दोघंच, तीन-चार दिवसांत जागा बदलणारे, आणि आत आत शिरायची खोड. आम्हाला ३३५० बरोबर. फक्त हिच्याही मागं असलेली लोखंडी जाळी काढून टाकली आणि स्टेपनी आत पलंगाखाली घेतली. त्यानंतर एकदाही शेपूट टेकली नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात : शाळेची किंवा प्रवासी गाडी घेऊन आत पलंग ठोकला म्हणजे घर होत नाही. मोटर कॅरॅव्हॅनसाठी, म्हणजे अशा राहायच्या गाडीसाठी, एआयएस-१२४ हे मानक आहे, आणि आरसीवर बदल चढवल्याशिवाय विम्याचा भरवसा धरू नका. वजन साडेसात टनांच्या आत असल्यानं कारचंच लायसन्स चालतं. व्याघ्र प्रकल्पाच्या आत परवानगीशिवाय मुक्काम नाही. बाहेर थांबायचं तर आधी सरपंच किंवा पोलीस पाटलाच्या कानावर घाला. आम्हाला अजून कोणी नाही म्हटलं नाही, उलट दोनदा रात्री रोडगे आणि वांग्याची भाजी आली.

पावसाळ्यातल्या त्या भांडणाचा निकाल बायकोनंच लावला. तिचं म्हणणं, गाडीला फूट नकोत, ओसरी पाहिजे. म्हणजे सरकत्या दाराच्या बाजूनं आठ बाय आठची ताडपत्री, दोन बांबू, गुंडाळून टपावर जाईल अशी. ताडपत्री अमरावतीहून आणली, बांबू परतवाड्याला मिळाले. कडेला रिंगा ठोकायचं काम चालू आहे, दिवाळी झाली की आलापल्लीकडं निघायचं.