सिल्व्हर शॅडो की जॅग्वार एक्सजे सिक्स? मेहुण्यासाठी मांडलेला हिशोब

माझा मेहुणा इंग्लंडमध्ये रेडिंगला असतो आणि पन्नाशी जवळ आल्यावर त्याच्या डोक्यात जुन्या ब्रिटिश सलूनचं, म्हणजे चार दारांच्या ऐटबाज गाडीचं, खूळ शिरलंय. परवा त्याने दोन जाहिराती पाठवल्या, एक १९७८ ची रोल्स-रॉईस सिल्व्हर शॅडो टू आणि एक १९८३ ची जॅग्वार एक्सजे सिक्स, सिरीज थ्री, ४.२ लिटरवाली. फोटोत दोन्ही चकाचक, किमतीतही फार फरक नाही, आणि खाली एकच ओळ, "जिजू, कुठली घेऊ?"

आधी सोप्या गोष्टी उरकतो. दोन्ही गाड्या चाळीस वर्षांच्या पुढच्या, त्यामुळे हिस्टॉरिक म्हणून नोंद असली की रोड टॅक्स शून्य आणि लंडनच्या यूलेझची, म्हणजे जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांकडून घेतात त्या पैशांची, कटकटही नाही. एमओटीची, म्हणजे गाडीच्या वार्षिक तपासणीची, सक्ती नाही, पण मी तरी दरवर्षी करून घेईन, ब्रेक आपलेच आहेत ना. पेट्रोलला दोघी सारख्याच खादाड, शॅडो जरा जास्तच, आणि २०२१ पासून साध्या पंपावर ई-टेन (दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉलवालं) मिळतं ते न भरता सुपरवालं ई-फाईव्ह भरायचं.

आता खरी गोम. शॅडोची किंमत बघून लोक भुलतात, रोल्स एवढ्यात? पण हा चार आण्याची कोंबडी बारा आण्याचा मसाला असा प्रकार होऊ शकतो, आणि मसाला म्हणजे हायड्रॉलिक्स. इंजिनवर चालणारे दोन पंप, त्यातून अ‍ॅक्युम्युलेटरमध्ये साठवलेलं प्रेशर, त्यावर ब्रेक आणि मागची उंची आपोआप सारखी ठेवणारं सस्पेन्शन, हे लेव्हलिंग तर सिट्रोएन या फ्रेंच कंपनीकडून लायसन्सवर घेतलेलं. सगळं ठीक असेल तर गाडी पाण्यावरून गेल्यासारखी जाते. पण त्यात आरआर ३६३ हेच फ्लुइड लागतं, १९८० नंतरच्या रोल्सचं मिनरल ऑइल चुकून कोणी ओतलं तर सील गेलेच समजा. आणि ही गाडी वर्षभर कव्हरखाली झाकून ठेवलेली नको, चालवलेली हवी.

तपासायची युक्ती सोपी आहे. इंजिन थोडा वेळ चालवायचं, बंद करायचं, इग्निशन ऑन ठेवून ब्रेक पेडल दाबत मोजत बसायचं, डॅशवरचे प्रेशरचे दिवे कधी लागतात ते. डझनभरातच लागले तर अ‍ॅक्युम्युलेटर थकलेत, चांगल्या गाडीत मोजता मोजता आपल्यालाच कंटाळा येतो. विकणारा "अहो असं करायची काय गरज" म्हणाला तर चहा पिऊन घरी यायचं.

मेहुणा लोहचुंबक घेऊन जाणार होता, पत्र्याखाली पुट्टी भरलीय का बघायला. आयडिया चांगली, पण शॅडोचे दरवाजे, बॉनेट आणि डिकीचं झाकण अ‍ॅल्युमिनियमचं असतं, तिथे चुंबक चिकटणारच नाही आणि हा उगाच घाबरून परत येईल. चुंबक फिरवायचा तो सिल (दारांखालची पत्र्याची पट्टी) आणि मागच्या चाकांच्या कमानींवर. शॅडो ही रोल्सची पहिली मोनोकॉक, १९६५ पासूनची, म्हणजे वेगळी चासी नाही, सगळा भार बॉडीच उचलते, सिल सडलं तर तो नुसता दिसण्याचा प्रश्न राहत नाही.

जॅग्वारला मात्र चुंबक सगळीकडे फिरवा कारण तिचा शत्रू एकच, गंज. सिल, मागच्या कमानी, आणि सगळ्यात वाईट म्हणजे पुढच्या काचेची चौकट, तिथे रंगाखाली फुगवटा दिसला की काच काढून काम करावं लागतं. पेट्रोलच्या टाक्या दोन, मागच्या दोन बाजूंना एकेक, डॅशवरच्या बटणाने बदलायच्या. ट्रायलला दोन्हीवर चालवून बघायची, विकणारे बरेचदा चांगल्या टाकीतच पेट्रोल ठेवतात. मागचे डिस्क ब्रेक चाकाशी नाहीत, आत डिफला (मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या डिफरन्शियलला) चिकटून आहेत, सील गळलं की तेल थेट ब्रेकवर, आणि तिथे हात घालायचा म्हणजे मेकॅनिकची चिडचिड आणि आपलं बिल. छताचं कापड लोंबत असेल तर ते जवळपास सगळ्याच सिरीज थ्रीचं लोंबतं, भाव पाडायला वापरा.

पण इंजिन! एक्सके घराण्याचं सहा सिलिंडरवालं, मूळ १९४८ चं, आणि त्याचे पार्ट अजून सहज मिळतात. चालवायला तर तुलनाच नाही. शॅडो टूला रॅक अँड पिनियन आल्यावर स्टिअरिंग सुधारलं हे खरं, तरी वळणावर ती तुम्हाला हळू जायला सांगते, जॅग्वार हसत वळते. सिरीज थ्रीच्या छताची रेषा पिनिनफारिना या इटालियन डिझाईन कंपनीने सुधारलीय, माझ्या डोळ्याला चाळीस वर्षांनीही त्यापुढे काही नाही. (डेमलर सॉव्हरिन मिळाली तर तीही बघा, तीच गाडी, फक्त ग्रिलवर पन्हाळी.)

मागच्या सीटवर बसायचं असेल, लग्नाच्या वरातीत मिरवायचं असेल तर शॅडो, आणि तीही हायड्रॉलिक्सच्या बिलांची जाडजूड फाईल असेल तरच. मेहुण्याला रविवारी स्वतः चालवायचीय, स्वतः पाना हातात धरायचाय, शिवाय त्याच्या गॅरेजची लांबी मोजली तर पाच मीटर दहा सेंटीमीटर निघाली. शॅडो त्याहून लांब. जॅग्वार जेमतेम मावते, पुढे सायकल ठेवता येणार नाही एवढंच.

शनिवारी सकाळी जॅग्वार बघायला जातोय. मालकाला फोनवर एकच विनंती केलीय, आम्ही येईपर्यंत इंजिन चालू करू नका. थंड इंजिनची टायमिंग चेन (आतली साखळी) काय बोलते ते मला पहिल्या मिनिटात ऐकायचंय.