आठ महिने, दोन फुटी टाकी आणि बराच नवसागर

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात माशांची टाकी आणली, आता सप्टेंबर संपत आलाय, म्हणजे आठ महिने झाले. घेतल्या घेतल्या लिहिणार होते पण बरं झालं नाही लिहिलं, कारण तेव्हा लिहिलं असतं तर दुकानदाराने जे सांगितलं तेच मी इथे पाच स्टार देऊन छापलं असतं.

टाकी साधी आहे, २४ बाय १२ बाय १२ इंच, म्हणजे काठोकाठ ५४ लिटर. खाली खडी घातली आणि वर दोन बोटं जागा सोडली की खरं पाणी ४५ लिटरच राहतं, आणि हा आकडा पुढे लागणारे म्हणून आत्ताच सांगून ठेवते. काच, खडी, पाणी सगळं धरून ७०-७५ किलोच्या आसपास वजन होतं, त्यामुळे टीव्हीच्या शोकेसवर ठेवायचा बेत पहिल्याच दिवशी रद्द केला आणि लोखंडी स्टँड करून घेतला, त्यावर थर्माकोलची शीट. याबद्दल तक्रार शून्य. टाकीबरोबर फुकट मिळालेला निळा प्लास्टिकचा किल्ला मात्र दोन महिन्यांत पांढरा पडला.

आता मुख्य गोष्ट. दुकानात सांगितलं की दोन दिवस पाणी फिरवा, हे निळं औषध पाच थेंब टाका, आणि मासे सोडा. सोबत बॅक्टेरियाची एक बाटली दिली, ती काउंटरवर भर उन्हात उभी होती, तारीख पुसलेली. मी आधी थोडं वाचलेलं म्हणून मासे घेतले नाहीत, पण बाटली घेतलीच. माझ्या टाकीत तिचा काडीचा फरक दिसला नाही. बाटलीवर नायट्रोबॅक्टर असं एका बॅक्टेरियाचं नाव मोठ्या अक्षरात लिहिलेलं, आणि मग वाचताना कळलं की फिशटँकमध्ये नायट्राइट (ते काय ते पुढे सांगतेच) खाणारे जीव मुख्यतः नायट्रोस्पिरा असतात हे १९९८ मध्येच दाखवून झालंय, आणि २०१५ मध्ये तर अमोनियापासून नायट्रेटपर्यंत दोन्ही टप्पे एकटाच करणारा नायट्रोस्पिरा सापडला. लेबल छापणाऱ्यापर्यंत बातमी पोचायची असावी. ते निळं औषध पण तसंच कपाटात पडून आहे. रोगावर देतात ते ठीक, पण जे जंतू वाढवायचे त्यांच्याच डोक्यावर ते कशाला ओतायचं.

ज्यांना सायकल म्हणजे काय हेच माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. माशाची शी आणि उरलेलं खाणं यातून अमोनिया होतो, तो विष. एक जातीचे बॅक्टेरिया त्याचं नायट्राइट करतात, ते पण विष. दुसरे त्याचं नायट्रेट करतात, ते बरंच सौम्य, पाणी बदलून काढता येतं. हे बॅक्टेरिया पाण्यात फारसे नसतात, ते स्पंजला, खडीला, काचेला चिकटून राहतात, आणि फार सावकाश वाढतात. त्यांची वस्ती बसेपर्यंतचा काळ म्हणजे सायकल, माझ्याकडे ४७ दिवस लागले.

मासे न घालता अमोनिया द्यायचा म्हणजे अमोनियम क्लोराईड हवं, आणि तो आपला नवसागर निघाला! लहानपणी आमच्या चाळीत कल्हईवाला यायचा, तापलेल्या भांड्यात कापसाने नवसागर फिरवला की पांढरा धूर आणि नाकात झिणझिण्या, तोच. बाजारातला कितपत शुद्ध असेल याची खात्री नव्हती म्हणून लॅबच्या केमिकलवाल्याकडून १०० ग्रॅमचा डबा आणला, त्यातला ९० ग्रॅमच्या वर अजून शिल्लक आहे. इथे मी पहिली माती खाल्ली. अंदाजाने चमच्याचं टोक भरून टाकलं आणि टेस्ट केली तर रंग चार्टच्या शेवटच्या गडद हिरव्याला, ८ पीपीएम, म्हणजे लिटरमागे ८ मिलिग्रॅम. अर्धं पाणी काढलं तेव्हा ४ वर आलं. नंतर शहाणपण सुचलं, ३ ग्रॅम नवसागर १०० मिली पाण्यात विरघळवून बाटली भरून ठेवली, त्यातले १० मिली टाकले की माझ्या ४५ लिटरला बरोबर २ पीपीएम. इंजेक्शनच्या सिरिंजने मोजायचं. हे आधी केलं असतं तर पुढचा महाभारताचा अर्धा भाग वाचला असता.

टेस्ट किट एपीआय कंपनीचा मास्टर किट घेतला, टाकीपेक्षा महाग पडला, नवऱ्याने दोन वेळा किंमत वाचली. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली ही एकच खरेदी अशी की जिच्याशिवाय काहीच जमलं नसतं. थेंब मोजायचे, पाच मिनिटं थांबायचं, रंग बघायचा. एक सांगते, नायट्रेटची दुसरी बाटली तीस सेकंद दणादण हलवायची असते आणि नंतर ट्यूब पूर्ण मिनिटभर, मी पहिले दोन आठवडे नुसती कलंडवून टाकत होते आणि नायट्रेट शून्य शून्य म्हणून वहीत लिहीत होते. आणि रंग दिवसा खिडकीत बघा, पिवळ्या दिव्यात सगळंच हिरवं वाटतं.

तेराव्या दिवशी अमोनिया उतरायला लागला, नायट्राइट जांभळं झालं, म्हणजे भरपूर. मग ते जांभळंच राहिलं. वीस दिवस जांभळं. आणि पस्तिसाव्या दिवसाच्या सुमारास तर अमोनियाही उतरायचा थांबला, टाकलेला १० मिली डोस तीन दिवस जसाच्या तसा. सासूबाई रोज विचारायच्या, "अगं, नुसतं पाणी काय बघत बसतेस, मासे कधी आणणार?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

समोरच्या विंगमधल्या काकांकडे गेली वीस वर्षं टाक्या आहेत. त्यांनी येऊन बघितलं आणि पहिला प्रश्न विचारला, "पीएच काय आहे?" पीएच म्हणजे पाणी किती आंबट त्याचा आकडा, जितका कमी तितकं आंबट. मी तो पहिल्या दिवशी केला होता, त्यानंतर नाही. केला तर चक्क पिवळा, किटवरचा सगळ्यात खालचा रंग, ६. त्यांनी स्वतःचा केएचचा, म्हणजे पाण्याची आम्ल पचवायची ताकद मोजायचा, किट आणून आमच्या नळाचं पाणी तपासलं, तिसऱ्या थेंबाला रंग पलटला. मुलुंडला येणारं पाणी तलावांचं, पावसाचं साठवलेलं, मऊ, त्यात ही ताकद मुळातच कमी. आणि बॅक्टेरिया अमोनिया खाताना आम्ल तयार करतात, एक मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागे साधारण सात मिलिग्रॅम क्षारता, म्हणजे तीच ताकद, संपते. मी सुरुवातीला जो ८ पीपीएमचा पराक्रम केला आणि नंतर डोसवर डोस दिले त्यात ती सगळी उडाली, पीएच पडला, आणि जंतूंनी काम बंद केलं. म्हणजे जंतू मेलेले नव्हते, मीच त्यांना आंबट पाण्यात बसवलेलं.

उपाय स्वयंपाकघरात. अर्धा चमचा खायचा सोडा पाण्यात विरघळवून हळूहळू टाकला. टाकीत मासे नव्हते म्हणून बिनधास्त टाकला, मासे असताना असं एकदम करायचं नाही हं, पीएच वर गेला की तोच अमोनिया जास्त विषारी होतो. शिवाय गुहागरहून आणलेले शिंपले उकळून, जाळीच्या पिशवीत बांधून फिल्टरशेजारी टांगले, ते हळूहळू विरघळतात आणि पीएच धरून ठेवतात. दोन दिवसांत अमोनिया शून्य. आणि नायट्राइट, जे महिनाभर जांभळं होतं, ते सेहेचाळिसाव्या दिवशी रात्री जांभळं आणि सत्तेचाळिसाव्या दिवशी सकाळी आकाशी, म्हणजे शून्य. मी नवऱ्याला झोपेतून उठवून ट्यूब दाखवली. त्याने "छान" म्हणून कूस बदलली.

जाताना काका म्हणाले, "अगं, माझ्या फिल्टरचा मळका स्पंज पिळून नेला असतास तर दोन आठवड्यांत झालं असतं." हे त्यांना मी जानेवारीत विचारलं असतं तर ना! तुमच्या ओळखीत कोणाची निरोगी जुनी टाकी असेल तर बाटलीवर पैसे घालवू नका, तिच्या स्पंजचं पिळलेलं घाण पाणी मागून आणा.

मग ८० टक्के पाणी बदललं आणि कुर्ल्याच्या मार्केटमधून आठ झेब्रा डॅनिओ आणले. निऑन टेट्रा दिसायला भारी पण मे महिन्यात आमच्या हॉलमध्ये टाकीचं पाणी ३१-३२ डिग्री होतं, त्यांना ते झेपलं नसतं. झेब्रा आपल्याकडचाच मासा, ओढ्यातला, कुलाब्याला टीआयएफआर या विज्ञान संस्थेत याच्यावर संशोधन पण चालतं. सातजण अजून आहेत, एक उडी मारून गेला, काचेचं झाकण तेव्हा अर्धं उघडं होतं, चूक माझी.

फिल्टरबद्दल. साधा स्पंज फिल्टर आणि एअर पंप. दिसायला कुरूप, आवाज बारीक घूं घूं, पण आठ महिन्यांत एकदाही बिघडला नाही. महिन्यातून एकदा स्पंज धुते, तो पण टाकीतून काढलेल्या पाण्याच्या बादलीतच, नळाखाली धरला की क्लोरीनने मेहनत वाया. जुलैत एकदा सोसायटीची केबल जळाली, रात्रभर लाइट नाही, तेव्हा बॅटरीवरचा छोटा पंप कामी आला. तो घेऊनच ठेवा.

पाणी दर रविवारी दीड बादली. हायपोचे खडे टाकून, ज्याला दुकानात अँटीक्लोरीन म्हणतात, पूर्वी फोटो धुवायला वापरायचे तोच. पावसाळ्यात आमच्या नळाला क्लोरीनचा वास जास्त येत होता आणि एका रविवारी मी हायपो विसरले, दुसऱ्या दिवशी अमोनिया ०.५ दाखवत होता आणि मासे वर येऊन तोंड हलवत होते. अर्धं पाणी बदललं, या वेळी हायपो घालून, दोन दिवस खाणं बंद, सावरलं.

एप्रिलमध्ये सगळीकडे तपकिरी थर आला, पुसून काढला, जूनपर्यंत आपोआप गेला. झाडांपैकी अनुबियास टिकलं, व्हॅलिस्नेरिया इतकं पसरलंय की दर पंधरा दिवसांनी कापावं लागतं.

सध्या अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, नायट्रेट २० असायचं ते गेले तीन आठवडे ४० दाखवतंय. मी खाणं तेवढंच घालते, पाणी तेवढंच बदलते, काही कळेना. काल दुपारी ऑफिसमधून लवकर आले तर सासूबाई टाकीपुढे खुर्ची घेऊन बसलेल्या, हातात खाण्याचा डबा, आणि सातही मासे काचेला नाक लावून. "बघ की, भुकेलेत बिचारे," म्हणाल्या.